चित्रपटाबाहेरच्या गीतांचाही गौरव व्हावा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

संगीत क्षेत्रातील पुरस्कारांच्या बातम्यांत गायकाचे नाव मथळ्यात येते, चित्रपटाचे नाव पहिल्या ओळीत येते आणि गीत कोणी लिहिले, चाल कोणी बांधली, हे अनेकदा शेवटच्या परिच्छेदात शोधावे लागते. आपल्याकडचे मोठे पुरस्कार चित्रपटाभोवती उभे राहिले, हे त्याचे एक कारण आहे असे मला वाटते.

फिल्मफेअर पुरस्कार १९५४ साली सुरू झाले तेव्हा संगीतकाराला त्यात स्थान होते आणि तो पहिला मान ‘बैजू बावरा’साठी नौशाद यांना मिळाला, गीतकाराला मात्र १९५९ पर्यंत थांबावे लागले, त्या वर्षी ‘यहुदी’तील गीतासाठी शैलेंद्र यांचा गौरव झाला. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांतही संगीत दिग्दर्शनाचा पुरस्कार १९६७च्या चित्रपटांपासून आला आणि गीतलेखनाचा त्यानंतरच्या वर्षी, तमिळ कवी कण्णदासन यांच्यापासून. १९६९च्या वर्षापासून दिला जाणारा दादासाहेब फाळके पुरस्कार गीतकाराला पहिल्यांदा मिळाला तो १९९३चा, मजरूह सुलतानपुरी यांच्या रूपाने. शब्दांच्या वाट्याला मान नेहमी उशिराच आला.

मराठी मनाला सुखावणाऱ्या नोंदीही यात आहेत. ‘अंतर्नाद’ या कोकणी चित्रपटासाठी अशोक पत्की यांना आणि ‘संहिता’साठी शैलेंद्र बर्वे यांना संगीत दिग्दर्शनाचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, याचा अभिमान वाटतो. परंतु मराठी गाण्याचे खरे वैभव चित्रपटापुरते कधीच नव्हते. भावगीत, नाट्यगीत, गझल, बालगीत, आकाशवाणीसाठी झालेली गाणी हा आपला फार मोठा ठेवा आहे. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले आणि वर्षभर घराघरांत ऐकले गेले. त्याच्यामागे कोणताही चित्रपट नव्हता.

मंगेश पाडगावकर यांचे ‘श्रावणात घन निळा बरसला’ हे गीत घ्या. श्रीनिवास खळे यांनी त्याच्या प्रत्येक अंतऱ्याला वेगळी चाल दिली आणि तरीही दर वेळी गाणे सहजपणे ध्रुवपदावर परत येते. कवितेतले चित्र कडव्यागणिक बदलते आणि त्याबरोबर सुरांची वाटही बदलते. लता मंगेशकरांचा स्वर या गाण्याला लाभला, हे आपले भाग्यच. पण तो स्वर ज्या वाटेने जातो ती वाट आधी एका कवीने आणि एका संगीतकाराने आखून ठेवली होती. असे गीत आज कोणी रचले, तर केवळ ते चित्रपटातले नाही म्हणून राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांसाठी त्याचा विचारही होणार नाही. त्याच्या कर्त्यांना पुढे उतारवयात एखादा जीवनगौरव मिळेल. जीवनगौरवाबद्दल मला आदरच आहे, परंतु ज्या वर्षी गीत जन्माला येते त्या वर्षी त्याची दखल घेतली गेली, तर नव्या कवीला आणि संगीतकाराला पुढचे काम करण्याचे बळ मिळते.

ब्रिटनमध्ये १९५६ पासून दिल्या जाणाऱ्या आयव्हर नॉव्हेलो पुरस्कारांचा आदर्श येथे घेण्यासारखा आहे. गीतकार-संगीतकारांचीच संस्था हे पुरस्कार देते, बहुतेक पुरस्कारांची निवड त्याच व्यवसायातील मंडळी करतात आणि गीताचा मान ते रचणाऱ्यांना मिळतो. गायकाचा रचनेत वाटा नसेल, तर तो कितीही लोकप्रिय असला तरी त्या मानाचा धनी होत नाही. अमेरिकेतील ग्रॅमी पुरस्कारांतही वर्षातील सर्वोत्कृष्ट गीत आणि सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रण हे दोन मान वेगळे ठेवलेले आहेत, आणि त्यांपैकी पहिला गीत रचणाऱ्यांचा असतो.

राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाने किंवा एखाद्या जुन्या संगीतसंस्थेने चित्रपटाबाहेरील नव्या मराठी गीतासाठी असा वार्षिक पुरस्कार सुरू करावा, तो गीतकार आणि संगीतकार यांना समान आणि एकत्र द्यावा, आणि निवड समितीत कवी व संगीतकारच असावेत, अशी माझी विनंती आहे. अंतिम फेरीतील गीतांचे संपूर्ण शब्द निकालाआधी प्रसिद्ध केले, तर श्रोत्यांनाही ती गीते वाचून पारखता येतील. रक्कम थोडी असली तरी चालेल, निवड मात्र काटेकोर हवी.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणे आहे. कोणत्याही नव्या गाण्याची बातमी किंवा परीक्षण छापताना गीतकार आणि संगीतकार यांची नावे गायकाच्या नावाबरोबर, त्याच वाक्यात द्यावीत. आकाशवाणीच्या निवेदकांकडून ही नावे ऐकतच आमच्या पिढीने गाणी पाठ केली. आज मोबाईलवर गाणी ऐकणाऱ्या मुलांना ती निदान आपल्या पानांवर वाचायला मिळावीत.

आपली,
एक वाचक, पुणे