मंत्रिमहोदय, आम्हाला खुर्च्या नकोत

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री यांस,
स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, रॉक कॉन्सर्टमध्ये कुठेही काही विपरीत घडलं की दुसऱ्या दिवशी तीच तीन वाक्यं कानावर येतात. पोरं बेभान झाली होती. असल्या धांगडधिंग्याला परवानगीच देऊ नये. आणि द्यायचीच झाली तर सगळ्यांना खुर्च्यांवर बसवा. पहिली दोन वाक्यं तावातावाने बोलली जातात आणि चार दिवसांत विरतात. तिसरं मात्र समंजस वाटतं, त्यामुळे तेच फायलीत शिरतं आणि पुढे नियम होऊन बाहेर पडतं. कार्यक्रमांसाठी तुमच्या खात्यात तयार होत असलेल्या नियमांच्या मसुद्यातही खुर्च्यांची सक्ती येणार म्हणतात, म्हणून माझं म्हणणं त्या तिसऱ्या वाक्याबद्दल आहे.

मी हे संगीत वर्षानुवर्षं उभ्यानेच ऐकत आले आहे. मैदानात, स्टेडियममध्ये, हात वर केला तर छताला लागेल अशा तळघरातल्या क्लबमध्येही. आता दुसऱ्या दिवशी गुडघे बोलतात, तरी पुढच्या तिकिटाच्या वेळी मी पुन्हा उभं राहण्याचंच तिकीट काढते. यात हौस आहेच, पण हौसेपलीकडचं कारणही आहे. ड्रमरचा पाय बास ड्रमच्या पेडलवर पडतो तेव्हा तो ठोका आधी बरगड्यांना कळतो. सबवूफरमधून, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरमधून, येणारी बास गिटार तळपायातून चढते. खुर्चीत बसून रॉक ऐकता येतं, नाही असं नाही. पण पहिली ओळखीची रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी धून, वाजली की खुर्चीतले लोक उठतातच. मग काही जण खुर्चीवर चढतात, मागच्याला दिसेना म्हणून तोही चढतो, ओळी वेड्यावाकड्या होतात आणि मधली वाट बुजते. एकमेकींना न जोडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या पायांत आडव्या झालेलं मैदान मी पाहिलं आहे. रिकाम्या जमिनीवर उभी असलेली गर्दी त्याहून कितीतरी निर्धोक.

बाहेरून बघणाऱ्याला सगळ्यात भीती वाटते ती मॉश पिटची, म्हणजे गर्दीतच धडका देत नाचायला केलेल्या मोकळ्या रिंगणाची. एकमेकांना धडका देणारी, गोल गोल धावणारी पोरं दिसतात आणि मारामारी चालल्याचा भास होतो. आत मात्र अलिखित कायदा कडक असतो: पडलेल्याला आधी उचलायचं, गाणं नंतर. एकदा माझ्या पुढ्यातल्या मुलाच्या बुटाची नाडी सुटली. तो वाकणार, तेवढ्यात त्याच्याभोवतीच्या चौघांनी हात पसरून कडं केलं, पाठीवर धक्के झेलले, त्याने निवांत दोन गाठी मारल्या आणि कडं मोडलं. कुणी कुणाला ओळखत नव्हतं. कुणाचा चष्मा सापडला तर तो उंच धरून उभं राहायचं, ही तिथली रीतच. पिटमध्ये धडका बसतात, कारण धडका द्यायला तिथे जागा असते. खरा धोका जागा उरलेली नसते तिथे असतो, आणि तो टीव्हीच्या कॅमेऱ्याला दिसतही नाही. गर्दी शांत उभी आहे असंच वाटतं.

एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असली तर हलता येतं. सहा-सात झाली की माणूस स्वतःच्या मर्जीने हलत नाही. मागून आलेला रेटा लाटेसारखा सगळ्यांच्या अंगातून पुढे जातो. हे मी अनुभवलं आहे. पाय जमिनीला टेकलेले नव्हते आणि मी तरीही चालत होते. अशा वेळी हात मुष्टियोद्ध्यासारखे छातीपुढे घ्यायचे, म्हणजे बरगड्यांना फुगायला दोन बोटं जागा राहते, हे मला शेजारच्या एका अनोळखी बाईने कानात ओरडून सांगितलं. गर्दीतली माणसं बहुतेक वेळा तुडवली जाऊन मरत नाहीत. छातीवरच्या दाबामुळे श्वास घेता येत नाही म्हणून मरतात, कित्येकदा उभ्या उभ्याच. तेव्हा बेभान न वागण्याचा उपदेश इथे कामाचा नाही. पुढे गुदमरणाऱ्याला हलता येत नसतं आणि मागून ढकलणाऱ्याला पुढचं काही दिसत नसतं.

आता खुर्च्यांच्या नियमाचा जन्म बघा. 3 डिसेंबर 1979. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात रिव्हरफ्रंट कोलिझियमला ‘द हू’ या बँडचा कार्यक्रम होता. बऱ्याच तिकिटांवर आसनक्रमांक नव्हते. जो आधी पोहोचेल त्याला पुढची जागा. हजारो लोक थंडीत तासन्‌तास दारांबाहेर उभे. दारं उघडली ती मोजकीच. आतून वाद्यांचा आवाज आला, तशी कार्यक्रम सुरू झाला असं समजून मागचे पुढे रेटू लागले. 11 तरुण माणसं गेली. ती गेली दाराबाहेर, बँड स्टेजवर यायच्या आधी. आत कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. बँडला बातमी नंतर कळली. शहराने काही आठवड्यांतच क्रमांक नसलेल्या तिकिटांवर बंदी घातली, आणि ती 2004 साली उठवली.

त्या बंदीमागचा विचार अगदीच चुकीचा होता, असं मी म्हणणार नाही. क्रमांक नसला की घाई होते, हे खरंच. पण माणसं गेली ती बंद दारांपाशी. दारं किती उघडली, किती वाजता उघडली, रांग किती रुंदीची होती, गर्दी वाढतेय हे कुणी पाहत होतं का आणि पाहणाऱ्याच्या हाती आणखी दारं उघडायचा अधिकार होता का, हे सगळे प्रश्न खुर्ची टाकल्याने सुटत नाहीत. आजही कार्यक्रमाच्या दिवशी मला स्टेजसमोर कधी भीती वाटत नाही, प्रवेशद्वारापाशी वाटते. एका मोठ्या कार्यक्रमाला तिकीट स्कॅन करायची यंत्रं बंद पडली आणि लोखंडी कठड्यांच्या निमुळत्या गल्लीत आम्ही अडकलो. मागून लोक येतच होते, कारण मागच्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. साधा एक भोंगा हाती असलेला माणूस पुरला असता. तो नव्हता. कुणाला काही झालं नाही, म्हणून त्याची कुठे नोंदही नाही.

दुसरी घटना डेन्मार्कमधली. 30 जून 2000, रॉस्किल्ड महोत्सव, स्टेजवर ‘पर्ल जॅम’ हा बँड. पाऊस पडून गेलेला, जमीन निसरडी. पुढच्या गर्दीत माणसं पडली आणि त्यांच्यावर आणखी पडली. गायकाने गाणं थांबवून सगळ्यांना मागे सरकायची विनंती केली, लोक सरकलेही; पण तोवर उशीर झाला होता. 9 जण गेले. त्यानंतर महोत्सवाने लोकांना उभं राहायला बंदी केली नाही. त्यांनी स्टेजसमोरचा भाग बॅरिकेडने विभागून छोटे कप्पे केले आणि एका कप्प्यात किती माणसं सोडायची ते ठरवलं. मागच्या हजारोंचा रेटा मधल्या बॅरिकेडवर अडतो, पुढच्यांच्या छातीपर्यंत पोहोचत नाही. सोपं गणित आहे.

बॅरिकेड म्हणजेही काहीतरी आडवं बांधून ठेवलं असं नव्हे. स्टेजपुढचा चांगला बॅरिकेड बाजूने पाहिला तर त्याची तळपट्टी प्रेक्षकांच्या बाजूला पसरलेली असते. पुढच्या ओळीतले लोक तिच्यावर उभे राहतात, त्यांच्याच वजनाने तो घट्ट बसतो. पलीकडे सुरक्षारक्षकांसाठी पायरी असते. त्या पायरीवरच्या माणसांना सबंध कार्यक्रमात बँड दिसत नाही, कारण त्यांची पाठ स्टेजकडे असते. त्यांतले जाणते लोक वर उडणारे हात बघत बसत नाहीत, चेहरे बघतात. एकदा माझ्या डावीकडची मुलगी पांढरीफटक पडत होती. तिने हाक मारली नाही, मारली असती तरी ऐकू आली नसती. पायरीवरच्या रक्षकाने बोट दाखवून ‘तू?’ असं खुणेनेच विचारलं, तिने मान हलवली, आणि दोघांनी तिला काखेत हात घालून अलगद पलीकडे उचलून घेतलं. मग तोच माणूस कागदी पेल्यांतून पाणी वाटत गेला. तुमच्या नियमांत अशा माणसाच्या प्रशिक्षणाबद्दल दोन ओळी आल्या तर फार बरं होईल. बहुतेक ठिकाणी त्याला फक्त गणवेश मिळतो.

मंत्रिमहोदय, सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा कार्यक्रम थांबवण्याचा. 5 नोव्हेंबर 2021 रोजी ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोवर्ल्ड महोत्सवात 10 जणांचा बळी गेला. तो रॅपचा कार्यक्रम होता, पण गर्दीला संगीताचा प्रकार कळत नाही. अनेक जण जखमी झाल्याचं जाहीर झाल्यावरही तिथे अर्धा तास कार्यक्रम चालूच होता. म्हणून परवानगीच्या अर्जातच लिहून घ्या, की आवाज बंद करा म्हणायचा अधिकार कुणाचा; तो नाव घेऊन नेमलेला एकच माणूस हवा, त्याला गर्दी दिसायला हवी आणि साउंड इंजिनिअरशी त्याचं थेट बोलणं हवं. पोलीस, आयोजक, कलाकाराचा मॅनेजर आणि जागेचा मालक असे चौघे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले की मिनिटं जातात. गाणं मध्येच तुटलं म्हणून आम्ही दंगा करू, ही भीती मनातून काढून टाका. मी गाणी तुटलेली पाहिली आहेत. गायक म्हणतो, तिकडे कुणीतरी पडलंय, जागा करा. आणि एवढी गर्दी दोन पावलं मागे जाते. नंतरचं गाणं आणखी जोरात होतं.

बंदिस्त जागांबद्दल थोडक्यात. 20 फेब्रुवारी 2003 ला अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या ‘द स्टेशन’ नाइट क्लबमध्ये स्टेजवरच्या आतषबाजीने भिंतीवरच्या फोमला आग लागली आणि 100 माणसं गेली. पाण्याचे स्वयंचलित फवारे नव्हते, आणि बहुतेक लोक ज्या दाराने आत आले त्याच दाराकडे धावले. तेव्हापासून कुठल्याही क्लबमध्ये शिरले की मी आधी दुसरं दार शोधते. कित्येकदा ते सापडतं आणि त्याच्यापुढे ड्रम्सच्या रिकाम्या पेट्या रचलेल्या असतात.

आवाजाबद्दल आम्ही रॉकवाले आडमुठे असतो, असा समज आहे. थोडा खराही आहे. 1976 साली लंडनच्या चार्ल्टन मैदानावर ‘द हू’चा आवाज 32 मीटर अंतरावर 126 डेसिबल मोजला गेला आणि त्याची गिनेसमध्ये नोंद झाली. त्याच बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड पुढे आपल्या बिघडलेल्या कानांबद्दल जाहीरपणे बोलत आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली अशा कार्यक्रमांसाठी मानक दिलं: 15 मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या वर नको, पातळी सतत मोजली जावी, श्रोत्यांना इअरप्लग मिळावेत आणि कानांना विसावा देणारी शांत जागा असावी. हे जसंच्या तसं घ्या, आमची हरकत नाही. 100 डेसिबल म्हणजे मिळमिळीत नव्हे. चांगल्या साउंड इंजिनिअरला तेवढं पुष्कळ होतं. कर्कश आवाज बहुधा वाईट मिक्सिंगचा, म्हणजे वाद्यांचे आवाज नीट न जुळवल्याचा, असतो.

मात्र शेजाऱ्यांची तक्रार खरी समजून घ्यायची तर मोजायचं कसं ते बदलावं लागेल. परवान्यात ‘डेसिबल ए’ लिहिलेलं असतं. ही मोजपट्टी खालच्या सुरांना फार कमी लेखते, आणि दूरवर घरात बसलेल्याला छळतात ते नेमके खालचेच सूर. भिंती गिटार अडवतात, बास अडवत नाहीत. म्हणजे मीटरवर आकडा नियमात बसतो आणि कुणाच्या तरी खिडकीची काच थरथरत राहते. बाससाठी खालचे सूरही नीट धरणारी ‘डेसिबल सी’ ही मोजपट्टी वापरा, सबवूफरची मांडणी अशी करायला लावा की मागच्या बाजूला कमी ऊर्जा जाईल. हे तंत्र अस्तित्वात आहे आणि मोठे साउंडवाले ते रोज वापरतात. आणि जुन्या क्लबशेजारी नवी इमारत उभी राहिली तर आवाज अडवायचा खर्च नव्याने येणाऱ्याने करायचा, हे तत्त्व ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने 2014 मध्ये आणि इंग्लंडने 2018 मध्ये नियोजनाच्या नियमांत घेतलं. लहान क्लब टिकले तरच उद्याचे बँड कुठेतरी वाईट वाजवून शिकतील. त्यांचं ते वाईट वाजवणंही मी पैसे देऊन ऐकलं आहे.

तिकिटांच्या काळ्या बाजाराबद्दल इथे लिहीत नाही. ते लिहायला बसले तर भाषा बिघडेल.

तर खुर्च्यांच्या ऐवजी मसुद्यात हे घाला: उभं राहायच्या प्रत्येक कप्प्याची माणसांची मर्यादा आणि ती मोजणारा माणूस, दारं वेळेआधी आणि पुरेशी उघडण्याची सक्ती, मधले बॅरिकेड, आत फुकट पाणी, आणि थांबवण्याचा अधिकार असलेल्याचं नाव. यातल्या कशालाच खुर्च्यांइतका खर्च येईल असं मला वाटत नाही.

मसुदा पक्का करण्याआधी एखाद्या कार्यक्रमाला या. मात्र मान्यवरांच्या कक्षात बसू नका, तिथून गर्दीची फक्त डोकी दिसतात. पहिला तास प्रवेशाच्या रांगेत आमच्यासोबत काढा आणि मग मैदानाच्या मध्यावर साउंड डेस्कच्या मागे उभे राहा. आवाज तिथे सगळ्यांत चांगला असतो, कारण इंजिनिअर स्वतः तिथेच बसून तो जुळवत असतो. इअरप्लग मी आणेन.

आपली,
मैदानाच्या मधोमध उभी असणारी एक श्रोता