वर्कशॉप झालं, पुढे काय?

संपादक महोदय,
विशेष मुलांच्या सेंटरमध्ये केअरटेकरना एकदा वर्कशॉप देतात, सर्टिफिकेटसोबत फोटो काढतात आणि मग त्या मुलांना दात घासणं, बटणं लावणं कसं शिकवतात हे बघायला कोणी फिरकतच नाही. माझा भाचा अशाच एका सेंटरला जातो, तिथली ताई प्रेमळ आहे हां, पण तो बटणाला हात लावायच्या आधीच ती लावून मोकळी, मग तो शिकणार कधी? थोडं थांब, नाही जमलं तर आधी बोटाने दाखव, मग हात धर, जमलं की लगेच शाबासकी, एवढंच तिला कोणीतरी तिथल्या तिथे सांगायला हवं, आणि जे बरोबर केलं तेही सांगा, नुसत्या चुका काढल्या तर माणूस टिकेल कसा, पगार तरी कुठे मोठाय. आपल्या गोव्यातच संगथ संस्थेने मानसोपचाराची डिग्री नसलेल्यांना डिप्रेशनसाठी काउन्सिलर म्हणून तयार केलं, ते एकमेकांच्या सेशनचं रेकॉर्डिंग ऐकून मार्क द्यायचे. मग सेंटरमध्ये पालकांना विचारून मोबाईलवर छोटा व्हिडिओ काढून आठवड्याला एकदा सगळ्यांनी बघायला काय जातं? सरकारने ग्रँट देताना हीच अट घालावी.

– एक मामा, बार्देश