करमत नाही म्हणालास, त्याबद्दल

चि. बापू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, सगळं बरं आहे, पण करमत नाही." आणि लगेच, "जाऊ दे, मले कायचं दुःख?" त्या दुसऱ्या वाक्याचीच मला जास्त काळजी लागली. बोललेलं विसरतं, लिहिलेलं परत काढून वाचता येतं, म्हणून हे पत्र. आरोग्य उपकेंद्रात येणाऱ्या माणसांना जे सांगते तेच तुला सांगते आहे.

आपल्याकडे दुःखाला कारण दाखवावं लागतं. बोंडअळी आली, सोयाबीन पावसात सडलं, देणं थकलं, तर माणूस खचला हे लोक मान्य करतात. पगार वेळेवर होतो, लग्न झालं, घराचे हप्ते फिटताहेत अशा पोराचं मन उतरलं तर त्याला सुख बोचतंय म्हणतात, आणि पोरगंही स्वतःला तेच म्हणतं. मग उदासीवर अपराधीपणाचं आणखी एक ओझं चढतं. उगाच अपराधी वाटणं हे नैराश्य नावाच्या दुखण्याचंच एक लक्षण आहे, बापू. त्यावरून स्वतःची किंमत करू नकोस.

कापसाच्या पऱ्हाटीवर लाल्या कधी येतो ते तुला ठाऊक आहे. झाड बोंडांनी लदलेलं असताना. बोंडं पोसायला पानांतलं नत्र आणि मॅग्नेशियम ओढलं जातं, त्यात रात्री गार पडल्या, जमिनीची ओल बिघडली, की पानं लाल पडायला लागतात. रस्त्यावरून पाहणाऱ्याला पीक भरात दिसतं. तुझी नोकरी, घर, लग्न हे सगळं चार वर्षांत झालं. त्यासाठी झोप किती मोडली, जेवण किती वेळा उभ्यानं झालं, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. कारण असतं, ते पासबुकात दिसत नाही. आणि कित्येकदा शोधूनही नेमकं एक कारण सापडत नाही, तरी उपचार अडत नाही. म्हणून रात्री "काहून असं होते?" हे घोळवत पडू नकोस. त्या प्रश्नानं उत्तर मिळत नाही, झोप मात्र जाते.

आधी मोजायचं. वही घे आणि मागचे १४ दिवस आठव. पहिला प्रश्न, कशातच रस वाटत नाही असं किती दिवस होतं? दुसरा, उदास किंवा निराश किती दिवस वाटलं? अजिबात नाही तर ०, काही दिवस तर १, निम्म्याहून जास्त दिवस तर २, जवळजवळ रोज तर ३. दोन्हींची बेरीज ३ किंवा जास्त आली तर पुढचे सात प्रश्नही तसेच मोज: झोप कमी किंवा फार, थकवा, भूक कमी किंवा फार, आपण नालायक आहोत असं वाटणं, कामात लक्ष न लागणं, हालचाल-बोलणं मंदावणं किंवा एका जागी चैन न पडणं, आणि मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार. सगळ्या नऊ प्रश्नांची बेरीज २७ पैकी १० किंवा जास्त आली तर डॉक्टरकडे जायचंच. हा आकडा म्हणजे निदान नाही, तापमापी आहे. पण शेवटच्या प्रश्नाला ० सोडून काहीही आलं, तर बेरजेची वाट न पाहता त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं.

मग रक्त. हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, बी-१२, डी जीवनसत्त्व आणि साखर, एकाच वेळी करून घे. पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली असलं तर कमी धरतात. आपण माळकरी, अंडं-मटण नाही, आणि बी-१२ भाजी-भाकरीत मिळत नाही. दूध-दही नीट नसलं तर ते घसरतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर ते मुद्दाम सांग. इथं लोक एक चूक करतात. मेडिकलवाल्यानं दिलेल्या ताकदीच्या गोळ्या आधी खातात आणि मग तपासणी करतात. आकडा फसवा चांगला येतो. केसांसाठी बायोटिन घेत असशील तर किमान दोन दिवस आधी बंद कर, त्यानं थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. मुरुमांची, केस गळतीची किंवा स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर डॉक्टरला पाकीटच दाखव. यांतल्या काहींनी मन उतरू शकतं.

दिवसाचं सांगते, कारण ते आजच सुरू करता येतं. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. सहा ठरव, सुटीलाही सहाच. उठल्यावर तासाभराच्या आत बाहेर उजेडात अर्धा तास भराभर चाल. गच्चीवर फोन घेऊन उभं राहणं यात मोजायचं नाही. तीननंतर चहा नको. दारूनं डोळा लवकर लागतो, पण मध्यरात्रीनंतरची झोप तुटते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जातं, म्हणून सध्या एक पेगही नको.

या दुखण्यात "मन झालं की करीन" हे चालत नाही. आधी हात हलतो, मन मागून येतं. वहीत रोज तीनच कामं लिही, आणि अगदी बारीक करून: "घर आवरणे" नव्हे, "टेबलावरचे कप विसळणे". दोस्ताला फोन, दहा मिनिटं. भाजी चिरणे. वेळ लिहायची, त्या वेळेला करायचं, आणि समोर १० पैकी किती बरं वाटलं तो आकडा टाकायचा. पहिला आठवडा आकडे दोन-तीनच येतील. बिघडतं कुठं? एक दिवस बरं वाटलं की माणूस महिन्याचं काम त्याच दिवशी उरकायला जातो, दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळतो आणि "काही उपयोग नाही" म्हणून वही बंद करतो. बऱ्या दिवशीही तीनच कामं.

सूनबाईला सांग. नाही सांगितलंस तर तिला वाटेल, हे आपल्यामुळेच झालं. लांबण लावू नको: "माझं मन महिनाभर उतरलेलं आहे. तुझं काही चुकलं नाही. संध्याकाळी माझ्यासोबत चालायला ये."

डॉक्टर म्हणजे मनोविकारतज्ज्ञ. औषध तेच देतात. मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात. सौम्य असेल तर नुसत्या बोलण्यानंही भागतं. जाताना वही ने. मधे कधी चार-सहा दिवस झोपेशिवायही जोर आला, पैसा उधळला, बोलणं थांबेना असं झालं असेल तर डॉक्टरनं विचारलं नाही तरी सांग, कारण मग औषध वेगळं लागतं. गोळी सुरू झाली तर पहिला आठवडा-दोन मळमळ, डोकं जड. फरक दोन ते चार आठवड्यांनी दिसायला लागतो, पुरता यायला सहा-आठ आठवडे. लोक दहाव्या दिवशी सोडतात, किंवा बरं वाटताच सोडतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने घ्यायची आणि डॉक्टरच्या सांगण्यानं हळूहळू कमी करायची. एकदम तोडली तर चक्कर, झोपमोड, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. सवय लागते ती झोपेच्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची. ती चिठ्ठीशिवाय कोणी दिली तरी घेऊ नको. ऑफिसात कळेल ही भीती असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं तुझी माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे.

आजी म्हणते नजर लागली. दिवाळीला आलास तेव्हा तिनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या, पुन्हाही उतरवू दे, तिचा जीव आहे तुझ्यावर. त्यापायी तपासणी मात्र पुढं ढकलू नको.

१४४१६ हा नंबर फोनमध्ये घालून ठेव. टेलि-मानसचा आहे, सरकारी, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात. जीव नकोसा झाला तर त्यांना फोन कर, आणि मलाही, रात्रीचे दोन असोत की चार. घरातली फवारणीची औषधं कोठ्यातल्या पेटीत कुलपात आहेत आणि किल्ली बाबांच्या कमरेला असते. हे तुझ्यावर संशय म्हणून नाही, प्रत्येक घरात असंच असायला हवं.

कापसाची दुसरी वेचणी शुक्रवारी संपेल. रविवारी सकाळी सव्वासहाला फोन करते, चालता चालताच उचल. नऊ प्रश्नांची बेरीज आणि रक्ताची तारीख, एवढं दोनच सांग. बाकी बोलायचं मन नसेल तर मी कापसाचा भाव सांगेन, तू ऐक.

तुझी,
आई