आई, फोन मी ठेवला नव्हता

मार्सवर्थजवळ, ग्रँड युनियन कालवा, इंग्लंड
मे अखेर, सोमवार रात्र

ती. आई आणि बाबांना शि. सा. नमस्कार.

आई, काल फोन मी ठेवला नव्हता. "म्हणजे घर सोडलंस तू?" असं तू विचारलंस आणि नेमकी तिथेच लाइन गेली. चोरी पकडली गेली म्हणून हिने कट केला, असं तुला वाटलं असणार. दादा म्हणाला, नंतर तू जेवलीही नाहीस. बोट तेव्हा ट्रिंगच्या कटिंगमध्ये होती. टेकडी कापून काढलेला कालवा, कोकण रेल्वेच्या वाटेवर लागतं ना, तसलं. दोन्ही बाजूंना दरड, वर झाडांचं छप्पर आणि दीड मैल असंच. तिथे रेंज जाते हे मला ठाऊक होतं. तरी फोन लावला, कारण तुमच्याकडे साडेआठ वाजले होते, आणि रविवारी साडेआठला फोन आला नाही की बाबा पडवीत फेऱ्या मारायला लागतात. अर्धा तास थांबले असते तर हे रामायण झालं नसतं. माझंच चुकलं.

पण तुझा प्रश्न खरा होता आणि त्याचं उत्तर हो असंच आहे. घर मार्चमध्येच सोडलं. मैत्रिणीकडे राहतेय म्हणत होते, ते खोटं होतं. व्हिडिओत माझ्यामागे दिसते ती लाकडी भिंत माझ्या बोटीची आहे. बाबांना बहुतेक संशय आला होता. "तुझ्यामागचा दिवा हलतो का गं?" असं त्यांनी दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला.

फोनवर हे सांगायला गेले की आई रडते आणि बाबा "हं, बोल तूच" म्हणून फोन तिच्याकडे देतात. म्हणून पत्र. दादाला मोठ्या अक्षरात छापून द्यायला सांगितलंय. बाबा, डोळ्यांत थेंब घातल्यावर लगेच वाचायला बसू नका.

भाड्याचा हिशेब मी तुम्हाला कधीच नीट सांगितला नाही. महिना साडेबाराशे पाउंड, वर वीज, गॅस, कर, आणि खिडकी उघडली की समोरच्याची भिंत. त्या सगळ्या प्रकरणानंतर ते घर मला खायला उठायचं, हे तुम्हाला सांगायला नको. इथे किती लोक असे बोटीवर राहतात! शिक्षक आहेत, नर्स आहेत, एक निवृत्त आगगाडीचालक माझ्या पुढेच बांधून असतो. उधारी फार नाही. घेण्याआधी बोट पाण्याबाहेर काढून तज्ज्ञाकडून पत्र्याची जाडी ठिकठिकाणी मोजून घेतली. तळ १० मिलिमीटर, बाजू ६, छप्पर ४. लांबी ५० फूट, रुंदी ६ फूट १० इंच. बोळासारखी आहे खरी, पण आपल्या जुन्या घराच्या माजघरात आपण पाच जणं झोपायचो, तेव्हा कोणाचं काय अडलं होतं?

आई, पाण्याचं. २०२१ च्या पुरानंतर तू गॅलरीतूनसुद्धा वाशिष्ठीकडे बघत नाहीस, हे मला माहीत आहे. त्यामुळे हे सांगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पण कालवा म्हणजे नदी नव्हे गं. ओढ नाही, लोंढा नाही. पाणी माणसांनी बांधून अडवलेलं, मधोमध चारेक फूट. पडलेच तर उभी राहीन आणि चिखलाने बरबटून वर येईन. फक्त लॉकमध्ये खोल असतं. लॉक म्हणजे बोटींचा जिना समज. दोन दारांमध्ये बोट घ्यायची आणि पाणी भरून किंवा सोडून तिला वरखाली करायची. तिथे मी लाइफ जॅकेट घालते. आणि हो, होडी नको म्हणूस, बोट म्हण.

थंडी वाजत नाही. लोखंडी शेगडी आहे, कोळसा आणि लाकूड घालायचं. पेटली की स्वेटर काढावा लागतो. कार्बन मोनॉक्साइडचे दोन अलार्म लावलेत, आणि दर ४ वर्षांनी सुरक्षिततेची तपासणी करून घेतल्याशिवाय परवानाच मिळत नाही. अंघोळीला गरम पाणी इंजिनातून येतं. तासभर इंजिन चालवलं की टाकी तापते. मी तिला बंबच म्हणते. संडासाचं विचारू नकोस, स्वच्छ आहे, बाकी दादाला सांगितलंय. प्रोपेनचा सिलिंडर आहे आणि तुझा तीन लिटरचा कुकर बोटीवरसुद्धा तिसऱ्या शिट्टीला भात शिजवतो. पहिल्या शिट्टीला बाजूची बदकं उडाली होती, आता त्यांनाही सवय झाली. आगळ संपत आलंय. कुळथाचं पीठ अजून आहे.

आता बाबांसाठी.

बाबा, तुमची काळजी वेगळी आहे हे मला कळतं. माझी नोकरी इंटरनेटवर चालते. सकाळी १० ला मीटिंग असते, आणि तिथे दोनदा आवाज तुटला की तिसऱ्यांदा साहेब विचारतो. त्यात इथे १९९५ चा कायदा आहे: कायमचा धक्का नसलेल्या बोटीने एका जागी सलग १४ दिवसांहून जास्त राहायचं नाही. म्हणजे दर पंधरवड्याला नवं गाव, नवे मनोरे. "आज इथे रेंज आहे, उद्याचं काय?" हेच तुम्ही विचारणार. विचारायलाच हवं.

पहिला आठवडा वाईट गेला. बोट म्हणजे अख्खा पत्र्याचा डबा. आई, लाडवांच्या स्टीलच्या डब्यात फोन ठेवून झाकण लाव आणि दादाला मिस्ड कॉल द्यायला सांग. कदाचित वाजेलही, झाकणाच्या फटीतून. माझ्या डब्याच्या फटी म्हणजे खिडक्या. खिडकीला फोन चिकटवला की तीन काड्या, पलंगावर नेला की शून्य. मग ऑनलाइन बघून अँटेना मागवली. दांडीवर लावायची, सोबत दहा मीटरची केबल. छपरावर दांडी उभी केली, उरलेल्या केबलचं भेंडोळं कपाटात कोंबलं आणि राउटर जोडला. फोनपेक्षाही वाईट! दोन दिवस माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तिसऱ्या दिवशी तुमचा आवाज ऐकू आला: "तार आखूड, जोड कमी." मोबाइलच्या फ्रिक्वेन्सीला बारीक केबलमध्ये मीटरामीटराला सिग्नल जिरतो. दहा मीटरमध्ये पाऊण हिश्श्याहून जास्त वाटेतच संपत होता. लाइनमनच्या मुलीने हे करावं! त्या अँटेनेचं पुढे काय झालं विचाराल, तर एप्रिलमध्ये ती एका बुटक्या पुलाने नेली. दांडी आडवी करायला विसरले. बरंच झालं.

आता आहे ती घुमटासारखी, हातभरही उंच नाही. छप्पर लोखंडाचं असल्यामुळे चुंबकावर घट्ट बसते, भोक पाडावं लागलं नाही. आत दोन अँटेना, म्हणून दोन केबली, दीड-दीड मीटरच्या. त्या हवेच्या झरोक्यातून आत घेतल्या आणि राउटर बरोबर त्याखालच्या फळीवर ठेवला. एका दिशेला तोंड करून ठेवायची अँटेना जास्त ओढते, मान्य. पण दर मुक्कामाला तिचं तोंड मनोऱ्याकडे वळवत बसावं लागलं असतं आणि शेजारून बोट गेली की माझी डुलते. सगळीकडून घेणारीच बरी.

राउटरमध्ये दोन सिम आहेत, मुद्दाम दोन वेगळ्या नेटवर्कची. एकाचा मनोरा टेकडीआड गेला की तो आपोआप दुसऱ्यावर जातो. फोनला बोटीत रेंज नसली तरी वाय-फायवरून कॉल लागतात, बँकेचे ओटीपीसुद्धा येतात. राउटर साधारण ८ वॉट खातो. दिवसाचे १६ अँपिअर-तास धरा, थेट १२ व्होल्टच्या बॅटरीवरून. तुमच्या एक्स्चेंजची बॅटरी-रूम ४८ व्होल्टची होती, दारातच आंबूस वास यायचा आणि तुम्ही मला आत येऊ द्यायचा नाहीत. माझ्या बॅटऱ्या लिथियमच्या, वास नाही. तरी त्यांचं झाकण उघडताना मी अजून श्वास रोखते.

दादाचं म्हणणं, स्टारलिंक घे, म्हणजे उपग्रहावरचं इंटरनेट, आणि मोकळी हो. त्याला मोकळं आकाश लागतं, आणि कालव्याच्या काठाला झाडं म्हणजे विचारू नका. शिवाय वीज राउटरच्या कितीतरी पट. डिसेंबरात इथे चारच्या सुमाराला सूर्य मावळतो, सोलरवर काय आडातून पाणी काढणार? हिवाळा एकदा काढून बघते, मग ठरवू.

आणि बाबा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट केलीय. तुमचं फॉल्ट रजिस्टर असायचं ना, लाल कापडी पाठीचं, तशी वही घातलीय. प्रत्येक मुक्कामाला तारीख, पुलाचा नंबर, दोन्ही सिमच्या सिग्नलचे आकडे. आकडे उणे असतात, शून्याच्या जितके जवळ तितके बरे. आजचं पान: पहिलं सिम उणे ९४, दुसरं उणे १०८, शेरा "समोर विलोचं झाड, पाऊस झाल्यावर पुन्हा बघणे". पानं फुटली की सिग्नल उतरतो, ओली झाली की आणखी. मार्चमध्ये जिथे छान चालत होतं तिथे मेमध्ये रडतं. निघायच्या आदल्या दिवशी मी सायकलने पुढे जाऊन काठावर फोन धरून बघून येते आणि मगच बोट हलवते. तुम्ही नवी लाइन टाकायच्या आधी चालत जाऊन खांब मोजून यायचा, तसंच.

तरीही रेंज जाणार. ते लपवत नाही. जुलैत ब्लिसवर्थचा बोगदा लागेल, १८०५ सालचा, २.८ किलोमीटर. आत काठाने चालायलाही वाट नाही. पूर्वी घोडा डोंगरावरून न्यायचे आणि माणसं फळीवर आडवी पडून, बोगद्याच्या भिंतींवर पाय चालवत बोट ढकलायची. मला इंजिन आहे, तरी चाळीसेक मिनिटं लागतील, आणि तेवढा वेळ माझा काही पत्ता नसेल. तो दिवस आधी सांगेन. त्या दिवशी आई, तू देवापाशी बसू नकोस. वाटल्यास पुरणपोळीचा घाट घाल, वेळ जाईल.

एक गोष्ट लिहू की नको असं दोन दिवस चाललंय. पुरातले, २२ जुलैचे ते बेचाळीस तास. आपण त्याबद्दल कधी बोललोच नाही. तेव्हा माझ्याकडे पक्कं घर होतं, भिंतीतून आलेलं फायबर होतं, सगळ्या काड्या भरलेल्या होत्या, आणि तुम्ही काकूंच्या वरच्या मजल्यावर अंधारात. मी दर दहा मिनिटांनी लावत होते. तुम्हाला दोष देत नाहीये, तसं वाचू नका. तुमचा मनोराच बंद होता, तुम्ही काय करणार. शेवटी त्या अनोळखी मुलाच्या फोनवरून आई तू फक्त "आहोत गं" म्हणालीस आणि फोन गेला. दोन्ही बाजू जिवंत लागतात. माझी मी धरून ठेवलीय. तुमच्या बाजूचं आता ऐका.

जून तोंडावर आलाय. २० हजारची पॉवर बँक दादा आणतोय. ती भरून माळ्यावर ठेवायची, कपाटाच्या खालच्या खणात नाही. बाबा, तुमच्या फोनमध्ये दुसरं सिम टाका, वेगळ्या कंपनीचं. एवढी वर्षं खात्याशी निष्ठा ठेवलीत, पुरे झाली. पाणी चढतंय असं कळलं की "बघू, उतरेल" म्हणायचं नाही. औषधांची पिशवी, कागदांची पिशवी घ्यायची आणि वर जायचं. टीव्हीची डिश सरळ करायला पावसात गच्चीवर चढायचं नाही. चित्र नाही दिसलं तर नाही दिसलं. बीपीची गोळी रोज, "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. आई, गुडघ्याच्या डॉक्टरांची तारीख पुन्हा पुढे ढकललीस असं कळलं. मला सगळं कळतं, रेंज नसली तरी.

माझ्याकडून असं. रविवारी तुमच्या साडेआठला बोट बांधलेली असेल आणि दोन्ही सिम तपासलेली असतील. हिवाळ्यात माझ्या घड्याळात तीन वाजलेले असतील, तरी तुमचे साडेआठच. रोज सकाळी एक साधा मेसेज करीन, फक्त पुलाचा नंबर. इंटरनेट नसलं तरी तो बहुतेक जातो. इथे कालव्यावरच्या पुलांवर नंबर असतात आणि मदत मागवायची वेळ आली तर तोच सांगतात. नकाशा दादाबरोबर पाठवतेय. बाबा, तो जेवणाच्या खोलीत, कॅलेंडरच्या बाजूला लावा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नंबर आला नाही तर दादाला सांगा. त्याच्याकडे बोटीचा नंबर आहे आणि त्या आगगाडीवाल्या आजोबांचाही. त्याआधी घाबरायचं नाही. आई, हे खास तुला.

रात्री इथे पाणी पत्र्याला हलकेच लागतं. लहानपणी पन्हळीखाली तू लोटी ठेवायचीस आणि मी तो आवाज ऐकत झोपायचे, तसंच काहीसं. तेवढं ऐकायला तरी तुम्ही दोघं एकदा या. आईच्या गुडघ्यासाठी पायरी बुटकी करून घेतलीय. कुणाला विचारलंही नाही, आधीच करून टाकली.

आजचा पूल: १३२.

तुमची,
छकुली

ता. क. बाबा, काल तुटण्याआधी आवाज नीट येत होता ना? पहिल्या सिमवर होतं. वहीत लिहायचंय.