‘दोन इंची बेंड’ मागताना आणि विकताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोटारींमध्ये परस्पर फेरफार करणाऱ्यांवरील कारवाईची बातमी आपल्या दैनिकात वाचली. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यास मनाई करते आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफारासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतात. त्यामुळे रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला घरच्या घरी टर्बो (इंजिनातून निघणाऱ्या वायूच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारे यंत्र) बसवू नये, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु बंदिस्त मैदानावरच्या शर्यतीसाठी किंवा महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी जुन्या मारुती 800 च्या 796 सीसी इंजिनावर टर्बो चढवू पाहणारे विद्यार्थी माझ्या वर्कशॉपमध्ये दरवर्षी येतात. टर्बो कोणता घ्यावा यावर त्यांनी महिनाभर डोके खपवलेले असते. त्याला जोडायचे बेंड, म्हणजे नळीचे वळणदार तुकडे, मात्र येता येता पहिल्या दिसेल त्या दुकानातून उचललेले असतात. त्या मुलांसाठी आणि त्यांना माल देणाऱ्या दुकानदारांसाठी हे लिहीत आहे.

गेल्या वर्षी दोघे जण एक पिशवी भरून बेंड घेऊन आले. ‘सगळे दोन इंची आहेत,’ असे त्यांनी सांगितले आणि बिलावरही तसेच लिहिले होते. व्हर्निअर लावून पाहिले तर काही बेंडांचा बाहेरचा व्यास 60.3 मिलिमीटर भरला आणि काहींचा 50.8. खोटे कोणीच बोलले नव्हते. पाण्याच्या आणि वाफेच्या पाइपांच्या धंद्यात ‘दोन इंची’ हे नाममात्र माप असते, तर ट्यूबच्या धंद्यात तोच शब्द प्रत्यक्ष बाहेरच्या व्यासासाठी वापरतात. या साडेनऊ मिलिमीटरच्या फरकातली फट मग वेल्डिंगचा रॉड वितळवून भरली जाते, ते वितळलेले लोखंड नळीच्या आत लोंबत राहते आणि एखाद्या दिवशी त्याचा कण सुटून मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या टर्बोच्या पात्यावर आदळतो. म्हणून बेंड घेताना बाहेरचा व्यास, पत्र्याची जाडी, वळणाची त्रिज्या आणि धातू या चार गोष्टी सांगून घ्याव्यात आणि दुकानदारांनी त्या बिलावर लिहून द्याव्यात, ही माझी कळकळीची विनंती आहे.

इंजिनापासून टर्बोपर्यंतची गरम बाजू ही सर्वांत अवघड जागा. पेट्रोल इंजिनातून निघणारा वायू तिथे 800 ते 900 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. या जागी जी. आय. पाइपचे, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपचे, एल्बो (तयार बेंड) आणलेले मी अनेकदा पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी ते परत पाठवले आहेत. जी. आय. वरचा जस्ताचा थर 419 अंशांनाच वितळतो आणि वेल्डिंग करताना त्याचा पांढरा धूर होतो. तो धूर छातीत गेल्यामुळे माझ्याकडचा एक कारागीर रात्रभर थंडीतापाने कुडकुडत होता. तेव्हापासून माझ्या शेडमध्ये या कामाला जी. आय. चा तुकडासुद्धा येत नाही.

इथे शेड्यूल 40 चे (हा पाइपच्या जाडीचा ठरलेला दर्जा), लांब त्रिज्येचे बट-वेल्ड, म्हणजे टोकाला टोक लावून वेल्ड करायचे, एल्बो वापरावेत. आपल्या भागात साखर कारखान्यांच्या वाफेच्या लाइनला हेच लागत असल्याने ते सहज मिळतात. सव्वा इंची एल्बोचा बाहेरचा व्यास 42.2 मिलिमीटर आणि जाडी साडेतीन मिलिमीटरच्या वर असते, त्यामुळे तो टर्बोचे वजन पेलतो. साध्या लोखंडाला या तापमानात पापुद्रे सुटतात, म्हणून परवडत असेल तर एस. एस. 304 या स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. मात्र आर्गॉन वेल्डिंग करताना नळीच्या आतूनही आर्गॉन वायू सोडावा लागतो, नाहीतर सांध्याच्या आतल्या बाजूला काळी, खडबडीत खपली धरते. शिवाय स्टेनलेस तापल्यावर लोखंडापेक्षा जास्त वाढते. एक फुटाची नळी 700 अंशांनी तापली तर जवळजवळ चार मिलिमीटर लांब होते आणि तिला सरकायला जागा नसेल तर सांध्याला तडा जातो.

थंड बाजूचा, म्हणजे टर्बोपासून इंजिनाकडे जाणाऱ्या दाबलेल्या हवेचा, विचार वेगळा आहे. तिथे दूध डेअरीत वापरतात ते एस. एस. बेंड उत्तम चालतात. ते पातळ, आतून गुळगुळीत आणि नेमक्या मापाचे असतात. या छोट्या इंजिनाला 38 मिलिमीटरची नळी पुरते. मुलांना अडीच इंची हवी असते. पण तेवढ्याच लांबीत तिचे आतले आकारमान पावणेतीन पटींच्या आसपास जाते आणि दर वेळी तेवढी हवा दाबून भरेपर्यंत टर्बोचा जोर उशिरा लागतो. पी. व्ही. सी. चे एल्बो कृपया वापरू नयेत. बाहेर 35 अंश असताना अर्धा बार दाबानेच हवा 90 अंशांच्या घरात तापते आणि पी. व्ही. सी. त्याआधीच मऊ पडते.

राहिला प्रश्न नळी स्वतः वाकवून घेण्याचा. सायलेन्सरवाल्यांच्या प्रेसवर वाकवलेली 50 मिलिमीटरची एक नळी मी मधोमध कापून पाहिली, तेव्हा वळणावरची अरुंद बाजू जेमतेम 36 मिलिमीटर उरली होती आणि आतल्या अंगाला बोटाला लागतील अशा सुरकुत्या होत्या. कमी दाबाच्या थंड बाजूला एखादे असे वळण खपून जाईल, गरम बाजूला नाही. मॅन्ड्रेल मशीनवर, आत आधार ठेवून वाकवलेली नळी गोलच राहते. तिथेही बाहेरच्या अंगाचा पत्रा ताणला जातो आणि व्यासाच्या दीडपट त्रिज्येच्या वळणावर तो हिशेबाने जास्तीत जास्त पाव हिश्शाने पातळ होऊ शकतो, म्हणून मूळ जाडी थोडी जास्त घ्यावी. नळीला उभा जोड असेल तर तो वळणाच्या पोटाला किंवा पाठीला येऊ न देता कुशीला ठेवावा. वाळू भरून, तापवून वाकवण्याची जुनी रीतही चांगली आहे, पण वाळू आधी भट्टीवर पूर्ण कोरडी केलेली असली पाहिजे. ओल राहिली तर वाफ होऊन टोकाचे बूच गोळीसारखे उडते.

अडचण अशी की मॅन्ड्रेल मशीन असलेले कारखानदार चार-पाच बेंडांचे काम घेत नाहीत. मशीनला डाय (त्या मापाचा साचा) बसवण्यात वेळ जातो, हे मी समजू शकतो. तरीही ज्या मापाचा डाय त्या दिवशी चढलेला असेल त्या मापाचे दहा-वीस बेंड जास्तीचे काढून त्यांनी जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात ठेवले, तर ते पडून राहणार नाहीत. मी स्वतः 38 आणि 51 मिलिमीटरचे घेण्यास तयार आहे.

आपला नम्र,
एक फॅब्रिकेशन व्यावसायिक, सांगली