अजून दोन वर्षं इथेच

प्रिय आई-बाबा, सा. न.

फोनवरच सांगणार होते, पण आई तुझा आवाज ऐकला की माझं अवसान गळतं म्हणून लिहितेय. लक्षद्वीपमधलं हे मिनिकॉय बेटावरचं पोस्टिंग मी अजून दोन वर्षं वाढवून घेतलंय. सही झालीय, त्यामुळे बाबा, आता "नीट विचार कर" म्हणू नका. कोचीला जागा होती हे खरंय, पण तिथे दिवसभर फायलीच बघायच्या, भाडं देऊन हातात काय उरणार, आणि समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लांट इथे आहे म्हटल्यावर काम इथेच शिकायला मिळणार ना. दादाच्या वेळी जे झालं तसं काही नाहीये हे, मी रुसून लांब राहिलेली नाही.

आणि आई, "एकटी पोरगी समुद्राच्या मधोमध" असं शेजारच्या काकूंना सांगणं बंद कर बघू. कोचीपासून जवळजवळ ४०० किलोमीटर, विमानतळ नाही, सगळं कबूल, पण जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरमध्ये दहा हजारांवर माणसं राहतात इथे, एकटं पडायला जागाच नाही! ११ गावं, एकमेकांना चिकटलेली. बरेचसे पुरुष मोठ्या जहाजांवर नोकरीला असतात, घरदार बायकाच चालवतात, त्यामुळे रात्री उशिरा सायकलवरून आले तरी कोणी वळूनसुद्धा बघत नाही. दारूबंदी आहे. कुत्री नाहीत, म्हणजे त्या उन्हाळ्यातल्या इंजेक्शनांनंतर माझ्यासाठी तर स्वर्गच.

बाबा, तुम्हाला प्लांट दाखवायचाय मला. विहिरी आहेत इथे, पण जमिनीखाली गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगतोय, जास्त उपसलं की खारं वर आलंच. म्हणून २०११ पासून समुद्राचंच पाणी गोडं करतात, रोज १ लाख लिटरची कपॅसिटी. वरचं कोमट पाणी व्हॅक्यूममध्ये सोडायचं, हवेचा दाब इतका कमी की ते न तापवताच वाफ होतं, आणि ती वाफ थंड करायला साडेतीनशे मीटरच्या आसपास खोलवरून पाइपने गार पाणी वर ओढायचं. त्या पाइपला हात लावला तर बाहेरून घाम फुटलेला असतो, मे महिन्यात! तुम्ही मला सायकलच्या दांड्यावर बसवून टाकीवर न्यायचात आणि वॉल्व्ह फिरवताना "धर गं" म्हणायचात, मी नुसता हात टेकवायचे आणि गावाला पाणी मीच सोडलं असं वाटायचं. अजून तसंच वाटतं, खरं सांगू.

जेवणाचं विचारशीलच. मासे भरपूर, भात आहे, नारळ तर आपल्यापेक्षा जास्त. टूना उकडून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा कडक करतात, मास म्हणतात त्याला, किसून खोबऱ्यात घातला की आपल्या सुकटीच्या चटणीची आठवण येतेच. तो पकडतात पण कसा माहितीय, जाळं नाही, काही नाही! बारके जिवंत मासे फेकायचे, वरून पाण्याचे फवारे मारायचे आणि बांबूच्या काठीने एकेक मासा उचलायचा, गळाच्या टोकाला उलटा काटा नसल्यामुळे तो आपोआप सुटून मागे डेकवर धप्पकन. भाजी मात्र बोटीवर अवलंबून, बोट लांबली की कांदे-बटाट्यावर दिवस काढायचे. पण उपाशी नाहीये मी, दोन किलो वाढलेय.

आता गणपतीचं. पावसाळ्यात बोटींचं काही खरं नसतं, समुद्र खवळला की जहाजातून छोट्या बोटीत उतरायचं म्हणजे नुसती कसरत, म्हणून यंदा नाही जमणार गं. दिवाळीला नक्की, सुट्टी टाकलीय.

पण मोतीबिंदू माझ्यासाठी थांबवू नकोस. जूनमध्येच ऑपरेशन करून घे, मावशी येऊन राहणार आहे, मी बोललेय तिच्याशी. ड्रॉप्स वेळेवर, आठवडाभर चुलीजवळ जायचं नाही, वाकून झाडायचं तर अजिबात नाही. बाबा, स्वयंपाक तुम्ही करणार नसाल तर डबा लावा, आणि बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून बंद करायची नाही. समुद्राखालून केबल आल्यापासून इथे नेट चांगलं चालतं, रात्री नऊला व्हिडिओ कॉल करते, फोन कपाळावर न धरता जरा लांब धरा. पैसे टाकलेत ते ऑपरेशनचेच आहेत, पत्रे बदलायला वापरायचे नाहीत, आणि दादाला एवढ्यात काही बोलू नका, त्याला मीच सांगेन.

तुमची,
चिमी