वलगणीच्या माशांना वाट द्या

महोदय,

ठाण्यातल्या हॉटेलांत रावस 'इंडियन सामन' या नावानेही मिळतो. परवा नातीने विचारलं, "आजोबा, सामन माशासारखा हा पण नदीत उलटा चढतो का?" नाही. रावस समुद्रात-खाडीत वाढतो, सामनच्या कुळातलाही नव्हे. पण उलटे चढणारे मासे मी शहापूर तालुक्यातल्या आमच्या गावी दर मिरगाला पाहत आलोय; त्या चढण्यालाच आम्ही वलगण म्हणतो.

सामनची मादी थंड नदीच्या तळाशी, गोट्यांमध्ये शेपटीने खळगा करून अंडी घालते. पिल्लं काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षं गोड्या पाण्यात काढतात आणि मग समुद्रात उतरतात. मोठी झाली की पाण्याचा वास ओळखत जन्मल्या ओढ्याकडे परततात. नदीत शिरल्यावर खाणं जवळजवळ बंद. उत्तर अमेरिकेतल्या युकॉन नदीत काही सामन सुमारे ३००० किलोमीटर चढतात, तेही उपाशी! प्रशांत महासागरातले बहुतेक सामन अंडी घालून झाली की मरतात.

त्यांची वाट धरणांनी अडवली. अमेरिकेत क्लॅमथ नदीवरची चार धरणं पाडण्याचं काम २०२४ मध्ये संपलं. युरोक आदिवासी त्यासाठी कित्येक वर्षं लढले. त्याच ऑक्टोबरात चिनूक जातीचा सामन वर ओरेगॉन राज्यापर्यंत पोहोचला, १९१२ नंतर प्रथमच. शंभर वर्षांत ज्यांच्या कुठल्याच पिढीने ते पाणी पाहिलं नव्हतं, त्यांनी ते शोधून काढलं. हे वाचून माझे डोळे भरून आले.

आमची वलगण समुद्रातून येत नाही. पहिल्या पावसात मासे नदीतून ओहोळात, ओहोळातून भातखाचरात चढतात, पोटं गाबोळीने टम्म फुगलेली. आता आमच्या ओहोळावर सिमेंटचा बंधारा उभा आहे. पाणी अडलं, विहिरींना त्याचा फायदा झाला, ते नाकारत नाही. पण गेल्या मिरगाला मासे त्या भिंतीवर आपटत होते आणि लोक खाली पोती भरत होते. एका पोत्यात किती हजार अंडी गेली असतील!

समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. वलगणीलाही पहिल्या पावसाचे निदान आठ दिवस मोकळे मिळावेत. आणि बंधाऱ्याच्या एका कडेला दगडगोट्यांचा सपाटसा उतार बांधला तर मासे चढू शकतील. आमच्या गावची मंडळी त्यासाठी श्रमदान करायला तयार आहेत. हवी आहे ती फक्त जाणकाराची आखणी आणि परवानगी, तीही यंदाच्या मिरगाआधी.

– एक वाचक, कळवा, ठाणे